तळ्याकाठचं आठवड्याचं बिऱ्हाड

इंग्रजीतला ‘सेल्फ केटरिंग’ हा शब्द आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही. त्याचा शब्दशः अर्थ सांगायला गेलं, तर ‘आपलं जेवण आपणच करायचं’ असा काहीतरी निघतो आणि सुट्टीचा निम्मा उत्साह तिथेच मावळतो. मला विचाराल तर मराठीत त्याला एक जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे बिऱ्हाड. हॉटेलात आपण उतरतो, नातेवाइकांकडे आपण राहतो. पण घर भाड्यानं घेतलं, चार भांड्यांत संसार मांडला आणि सकाळचा चहा आपल्या हातानं टाकला, की ते बिऱ्हाड होतं. मग ते अकरा महिन्यांच्या कराराचं असो, नाहीतर आठ दिवसांचं.

आज मी बोलणार आहे ते स्कॉटलंडमधल्या अशा आठ दिवसांच्या बिऱ्हाडाबद्दल. मुलं शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये असल्यामुळे तिकडे जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. लंडन बघून होतं, एडिंबराचा किल्ला बघून होतो, आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, आता एखाद्या तळ्याकाठी कॉटेज घेऊन निवांत राहू या. फोटो सुंदर असतात. निळं पाणी, मागे डोंगर, दगडी घर, धुराडं. ते फोटो बघताना घरातल्या बाईच्या मनात मात्र एक प्रश्न हमखास येतो. माझ्याही मनात आला होता. स्वयंपाक आपणच करायचा, भांडी आपणच घासायची, केर आपणच काढायचा, तर मग सुट्टी नेमकी कुणाची?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पण त्याआधी ती जागा, ते घर आणि तिथली माणसं यांची थोडी ओळख करून घ्यायला हवी.

‘लॉख’ हा गेलिक भाषेतला शब्द. शेवटचा ‘ख’ घशातून काढायचा, ‘खबर’ हा शब्द उर्दू ढंगानं उच्चारताना काढतो तसा. गोड्या पाण्याचं तळं म्हणजेही लॉख आणि डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची खाडी म्हणजेही लॉख. नुसत्या गोड्या पाण्याची लहानमोठी लॉख स्कॉटलंडमध्ये तीस हजारांहून अधिक आहेत. त्यामुळे ‘लॉखच्या काठी घर’ एवढ्या जाहिरातीवरून काहीच कळत नाही. लॉख नेस त्याच्या दंतकथेतल्या प्राण्यामुळे जगभर गाजलेलं, लॉख लोमंड ग्लासगोपासून जवळ म्हणून सुट्टीच्या दिवसांत गजबजलेलं. मी दोनदा राहिले ते लॉख टेच्या काठी, पर्थशरच्या डोंगराळ भागात. ते त्या मानानं शांत आहे.

लॉख टे सुमारे तेवीस किलोमीटर लांब आहे आणि रुंदीला जेमतेम दीड किलोमीटर. तळं म्हणण्यापेक्षा फुगून थांबलेली नदीच वाटावी. ही सगळी बर्फाची करणी. हिमयुगात इथल्या दऱ्यांमधून हिमनद्या सरकत होत्या. त्यांनी दरीचा तळ खरवडून खोल केला, आणि सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वी शेवटचा बर्फ सरला तेव्हा त्या खोल चरात पाणी साठलं. १८९७ ते १९०९ या काळात सर जॉन मरे आणि लॉरेन्स पुलर यांनी स्कॉटलंडमधल्या ५६२ तळ्यांची खोली मोजून काढली. होडीतून पाण्यात वजन लावलेली तार सोडायची आणि वजन तळाला टेकलं की किती तार सुटली ते मोजायचं, अशी ती पद्धत होती. लॉख टेची सर्वांत खोल जागा दीडशे मीटरच्या आसपास भरली. तळ्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरच उंच आहे. म्हणजे डोंगरांच्या मधोमध असलेल्या या तळ्याचा तळ समुद्राच्याही खाली आहे! ही खोली लक्षात ठेवा, तिच्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

तळ्याच्या पश्चिम टोकाला किलिन हे गाव. गावाच्या वेशीवरच डॉखर्ट नदी खडकांवरून फेसाळत खाली येते. पूर्व टोकाला केनमोर. तिथून टे नदी बाहेर पडते, तीच पुढे स्कॉटलंडमधली सर्वांत लांब नदी होते. उत्तरेला बेन लॉअर्सचा डोंगर आहे, उंची १,२१४ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून चारशे मीटरनं उंच, पण म्हणून त्याला कमी लेखू नये. वर वारा आणि धुकं असं असतं, की उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे लागतात. उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात सापडणाऱ्या काही वनस्पती या डोंगरावर तग धरून आहेत आणि १९५० पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था तो सांभाळते.

इथे पोहोचायचं कसं? किलिनला एके काळी रेल्वे होती, ती १९६५ मध्ये बंद झाली. बस आहेत, पण थोड्या. ग्लासगो किंवा एडिंबराहून मोटारीनं साधारण दोन तास लागतात. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं आणि पाहुण्यांना भारतातल्या परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. खरी परीक्षा असते ती एकेरी रस्त्यांची. तळ्याच्या दक्षिण काठचा रस्ता एका वेळी एकच मोटार जाईल एवढा अरुंद आहे. थोड्या थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा केलेला असतो. समोरून गाडी आली, की ज्याला तो जवळ असेल त्यानं थांबायचं आणि दुसऱ्यानं हात वर करून आभार मानायचे. मागून कुणी घाईत येत असेल तर त्यालाही तिथे थांबून पुढे जाऊ द्यायचं. आपल्यासाठी ती सहल असते, पण मागची बाई कदाचित कामावर निघालेली नर्स असते. फोटो काढण्यासाठी त्या फुगवट्यात गाडी उभी करणं हा तिथे मोठाच उद्धटपणा समजला जातो.

आता घराकडे येऊ. ही घरं बहुधा शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानं मिळतात. दुपारी चारच्या सुमारास आत जायचं, निघायच्या दिवशी सकाळी दहाला बाहेर पडायचं. मधल्या सहा तासांत पुढच्या पाहुण्यांसाठी घर आवरलं जातं, म्हणून या वेळा काटेकोर असतात. किल्ली पुष्कळदा दाराजवळच्या आकड्यांच्या छोट्या पेटीत ठेवलेली असते. टेबलावर दूध, ब्रेड, क्वचित मालकिणीनं भाजलेले स्कोन, आणि एक जाड फाइल. ही फाइल नीट वाचावी. गरम पाण्याचं बटण कुठे, कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या दिवशी, शेकोटीचं दार कसं उघडायचं, मोबाइलला रेंज कुठे मिळते, हे सगळं तिच्यात असतं.

नळाला कधी कधी फिकट चहासारखं पिवळसर पाणी येतं. घाबरायचं कारण नाही. डोंगरावर ‘पीट’ म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती असते, तिचा तो रंग. एकाकी घरांना सरकारी नळ नसतो. ओढ्याचं किंवा झऱ्याचं पाणी गाळून, अतिनील किरणांनी शुद्ध करून घरात घेतलेलं असतं, आणि तशी सूचना घरात लावलेली असते. पाणी मात्र इतकं हलकं, की त्याचा चहा आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं कधीच होणार नाही असा होतो. सांडपाणी अंगणातल्या सेप्टिक टाकीत जातं. म्हणून तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही आणि ओले रुमाल शौचकूपात टाकायचे नाहीत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये आपण जे ओततो ते कुठे जातं याचा आपण विचार करत नाही. इथे ते वीस पावलांवर असतं.

स्वयंपाकघरात विजेची शेगडी, भट्टी, फ्रीज, भांडी, सुऱ्या असं सगळं असतं. नसतं ते प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा. एक लहान कुकर आणि मसाल्याच्या पुड्या बरोबर घ्याव्यात. डाळ, तांदूळ, पोहे, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या हे ग्लासगोतच भरून घ्यावं. तिथल्या पोलॉकशील्ड्स भागात भारतीय-पाकिस्तानी किराण्याची दुकानं आहेत. दूध, भाज्या, अंडी मात्र गावातून घ्या. ती का, तेही पुढे सांगते. शेताच्या फाटकापाशी कधी कधी एक लाकडी पेटी दिसते. तिच्यात अंडी किंवा जॅमच्या बाटल्या, किमतीची चिठ्ठी आणि पैशांचा डबा. दुकानदार नसतोच. आपण वस्तू घ्यायची, पैसे टाकायचे. सुटी नाणी जवळ असू द्यावीत. जुलैत गेलात तर पर्थशरच्या रासबेरी चुकवू नका.

आणि एक सूचना आपल्या फोडणीसाठी! स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरात आगीची सूचना देणारी यंत्रं एकमेकांना जोडलेली असावी लागतात. स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारं, तर बैठकीत आणि बोळात धुरावर वाजणारं. काही घरांत स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात भिंत नसते. मिरचीचा खकाणा बैठकीपर्यंत गेला, की सगळं घर एकदम किंचाळायला लागतं. खिडकी उघडून, शेगडीवरचा पंखा लावून, मगच मोहरी टाकावी. यंत्र मात्र काढून ठेवू नये. लाकडाची शेकोटी असलेल्या घरात ते आपल्याच जिवासाठी असतं.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. सुट्टी कुणाची?

हॉटेलपेक्षा असं घर घेण्याची कारणं सरळ आहेत. सहा माणसांना तीन खोल्या आणि तीन वेळचं बाहेरचं जेवण, यापेक्षा एका घराचं भाडं बहुतेक वेळा परवडतं. आजी-आजोबांना वेळेवर वरण-भात मिळतो, लहान मुलाला रात्री दूध तापवून देता येतं, शाकाहारी माणसाला रोज तेच सूप पुढे येत नाही. हे फायदे सगळ्या कुटुंबाचे. पण त्याची किंमत एकाच व्यक्तीनं मोजायची असेल, तर हिशेब चुकला. आपल्याकडे महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला बंगला घेतला, तरी स्वयंपाकाला मावशी आणि राखणीला माळी असतो. तिकडे तसं कुणी नसतं. म्हणून ‘घरातल्या सगळ्यांनी मिळून’ हे वाक्य तिकडे खरं करावं लागतं, आणि ते जाण्यापूर्वीच ठरवावं लागतं. आयत्या वेळी सोडलं तर काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आम्ही काय केलं ते सांगते. आठवड्याचा एक कागद करून फ्रीजवर लावला. रोज दोघांची जोडी: एकानं रांधायचं, दुसऱ्यानं भांडी घासायची. ज्याला खिचडीच येते त्यानं खिचडी करावी, ज्याला ऑम्लेट येतं त्यानं ऑम्लेट. त्या दिवशी इतरांनी नावं ठेवायची नाहीत आणि मदतीलाही धावायचं नाही. दुपारचं जेवण शिजवायचंच नाही. ब्रेड, चीज, काकडी, फळं डब्यात घालून बाहेर पडायचं. एक संध्याकाळ गावातल्या खाणावळीत. मात्र तिथली स्वयंपाकघरं साडेआठ-नऊला बंद होतात, तेव्हा आपल्या वेळेनं जेवायला गेलात तर उपाशी परत याल. या व्यवस्थेत माझ्या वाट्याला आठवड्यात दोनदा स्वयंपाक आला. बाकीच्या संध्याकाळी मी बाहेर बसून तळं बघितलं. जूनअखेरीस सूर्य दहा वाजेपर्यंत मावळत नाही आणि नंतरही बराच वेळ उजेड रेंगाळतो. जेवण झाल्यावर दोन तास चालून यावं एवढा दिवस शिल्लक असतो. हा वेळ घरातल्या सगळ्यांना सारखा मिळाला, तरच त्या सहलीला सुट्टी म्हणायचं.

संध्याकाळचं म्हटलं की ‘मिज’ आलेच. चिलटासारखा हा किडा, पंख जेमतेम दीड मिलिमीटरचे. त्याची मादीच चावते, आणि एकटी कधी येत नाही. मे ते सप्टेंबर, सकाळ-संध्याकाळ, ढगाळ हवा आणि वारा पडलेला असला, की ढगच्या ढग येतात. वारा सुटला की त्यांना उडता येत नाही. म्हणून घर निवडताना झाडीत दडलेल्यापेक्षा थोडं उघड्यावरचं, वारं लागणारं बघावं. फिकट रंगाचे लांब बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून घ्यायची बारीक जाळी, हा साधा उपाय आहे. नेच्यांतून आणि गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचिडी आहेत का तेही रोज पाहावं. त्यांच्यामुळे ‘लाइम’ नावाचा आजार होऊ शकतो.

मिज त्रास देतात, पण जीव घेत नाहीत. जीव घेतं ते पाणी. मघाशी मी खोली लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. काठाशी घोटाभर पाणी असतं, आणि चार पावलांवर तळ एकदम तुटतो. वरचा पातळ थर उन्हानं जरासा कोमट लागतो, खालचं पाणी बारा महिने गार. पंधरा अंशांहून थंड पाण्यात माणूस अचानक पडला, तर शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं. तोंड पाण्याखाली असेल तर त्याच श्वासाबरोबर पाणी आत जातं. पुढची एक-दोन मिनिटं श्वास ताब्यात राहत नाही, आणि मग हातपाय गारठून निकामी होतात. यात पोहता येणं न येणं ही गोष्ट दुय्यम ठरते. विहिरीत आणि तलावात पोहून तयार झालेला आपला माणूस याला फसतो, कारण त्याला थंडीचा अनुभव नसतो.

एप्रिल २०२४ मध्ये पिटलॉख्री गावाजवळ लिन ऑफ टमेल इथे, लॉख टेपासून साधारण तासाभराच्या अंतरावर, स्कॉटलंडमध्ये शिकायला गेलेले दोन भारतीय तरुण बुडून गेले. मित्रांबरोबर सहलीला गेले होते. अशी बातमी वाचली की आपण हळहळतो, पण ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी ती मुलांशी बोलायला हवी. पाण्यात पडलात तर पहिली मिनिटं हातपाय मारू नका. मान मागे टाकून उताणे तरंगत राहा, श्वास ताब्यात आला की मगच काठ गाठा किंवा हाक मारा. दुसरा पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोर, फांदी, रिकामी मोठी बाटली, तरंगेल असं काहीही फेका आणि ९९९ क्रमांक फिरवा. होडीत किंवा कयाकमध्ये बसताना तरंगतं जाकीट अंगातच हवं, बाकाखाली ठेवून उपयोग नाही. तुमच्या कॉटेजच्या दारातल्या काठावर जीवरक्षक नसतो.

एवढं सांभाळलं, की मग हे पाणी किती काय काय राखून आहे ते पाहण्यासारखं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी लोक या तळ्यात, पाण्यात लाकडी खांब रोवून, त्यावर घरं बांधून राहत होते. अशा घरांना ‘क्रॅनॉग’ म्हणतात. एकट्या लॉख टेमध्ये त्यांची अठरा ठिकाणं माहीत आहेत. केनमोरजवळच्या एका ठिकाणी १९८० पासून पाण्याखाली उत्खनन झालं. गार, पीटमिश्रित पाण्यात हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड आणि धान्यसुद्धा टिकून राहिलं होतं. तिथे हेझलची फळं सापडली, गहू सापडला, डोंगरावरच्या बेरींचे अवशेष सापडले आणि एक लाकडी भांडं सापडलं, ज्याला लोण्याचा अंश अजून चिकटून होता! तळ्याकाठचं सर्वांत जुनं बिऱ्हाड ते. इथल्या संग्रहालयातलं नव्यानं बांधलेलं क्रॅनॉग जून २०२१ मध्ये आगीत जळून गेलं. एप्रिल २०२४ पासून ते संग्रहालय तळ्याच्या उत्तर काठी नव्या जागेत सुरू झालं आहे.

लोण्याची ही गोष्ट पुढेही चालू राहते. बेन लॉअर्सच्या उतारावर चालताना गवतात दगडी जोत्यांचे चौकोन दिसतात. ती ‘शीलिंग’. उन्हाळ्यात गावातल्या बायका आणि मुलं गुरं घेऊन वर चरायला जात, त्या झोपड्यांत राहून लोणी आणि चीज करत, आणि खाली शेतात पीक तयार होई. १७६९ मध्ये जमीनदारानं या काठाची मोजणी करून घेतली, तेव्हाच्या नकाशांवर ही वस्ती भरलेली दिसते. मग मेंढ्या आणि मोठी शेतं जास्त फायद्याची ठरली. १८३० आणि १८४० च्या दशकांत ब्रेडॉल्बिनच्या मार्क्विसच्या जहागिरीत अनेक कुळांना उठवलं गेलं. कुणी शहरांत गेलं, कुणी कॅनडात. ज्या निर्जन शांततेसाठी आपण आज भाडं भरतो, ती सगळीच निसर्गानं दिलेली नाही. तिच्यातली काही माणसं उठवून झालेली आहे. मुळशीचं धरण बघताना पाण्याखाली गेलेल्या गावांची ज्यांना आठवण होते, त्यांना हे वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

हा केवळ जुना इतिहास असता तर मी तो इथे सांगितलाही नसता. प्रश्न आजचाही आहे. तळ्याकाठचं घर वर्षभरासाठी स्थानिक कुटुंबाला देण्यापेक्षा पाहुण्यांना आठवड्यानं देण्यात जास्त पैसा असतो. मग शाळेच्या शिक्षकाला, हॉटेलातल्या वाढप्याला, परिचारिकेला घर मिळत नाही. मुलं कमी झाली की शाळा धोक्यात येते, आणि गिऱ्हाईक फक्त उन्हाळ्यात असेल तर दुकान हिवाळ्यात तग धरत नाही. दुसरीकडे, पाहुणे नसतील तर उरलेल्या लोकांना काम नाही. गावाला दोन्ही हवं आहे. म्हणून स्कॉटलंडमध्ये सरकारनं नियम केले. पाहुण्यांना घर देणाऱ्या मालकांना स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो. नव्यांना ऑक्टोबर २०२२ पासून, आधीपासून घर देणाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून. परवान्यासाठी वीज, आग, पाणी यांच्या सुरक्षिततेच्या अटी आहेत. एप्रिल २०२४ पासून, वर्षातून काही दिवसच राहण्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या घरावर दुप्पट कर लावण्याची मुभाही कौन्सिलांना मिळाली.

आपल्याला यातून काय घ्यायचं? एक म्हणजे, घर ठरवताना जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे का ते पाहा. तो छापणं मालकावर बंधनकारक आहे. त्यानं तुमची सुरक्षितताही साधते आणि फसवणूकही टळते. दुसरं, मालक त्याच गावात राहणारा असेल तर उत्तम. शेतकऱ्यानं अंगणातलं जुनं घर दुरुस्त करून दिलेलं असतं, त्याच्या शेतीला त्या भाड्याचा आधार असतो. तिसरं, जमलं तर शाळेच्या सुट्ट्या सोडून, मे महिन्यात किंवा सप्टेंबरात जा. भाडं कमी पडतं, मिज कमी असतात आणि गावाच्या दुकानाला गर्दीनंतरही गिऱ्हाईक मिळतं. आणि म्हणूनच मघाशी म्हटलं, की दूध, भाज्या, अंडी गावातून घ्या. शहरातून गाडीभर सामान भरून नेलं आणि गावात फक्त कचरा ठेवून आलो, तर त्या गावाला आपला काय उपयोग?

फिरण्याबाबत हा देश फार उदार आहे. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्यानं तिथे कुणालाही, अगदी आपल्यासारख्या पाहुण्यालाही, बहुतेक सर्व मोकळ्या जमिनीवर आणि पाण्यावर जाण्याचा हक्क दिला आहे. जमीन खासगी असली तरीही. घराचं अंगण आणि उभं पीक तेवढं सोडायचं. अट एकच, जबाबदारीनं वागायचं. फाटक उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद ठेवायचं. वसंतात मेंढ्यांना कोकरं झालेली असतात, त्यांच्या जवळ जायचं नाही. मासे धरायचे असतील तर मात्र वेगळा परवाना काढावा लागतो.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाच्या आत निघायचं असतं. भांडी घासून जागच्या जागी, कचरा वेगवेगळ्या डब्यांत, शेकोटीतली राख थंड झाल्याची खात्री करून बादलीत, फ्रीज रिकामा. उरलेले मसाले ठेवून यायचे असतील तर डब्यावर नाव लिहा, म्हणजे पुढच्याला तिखट आणि पाप्रिका यांतला फरक कळेल. पाहुण्यांच्या वहीत दोन ओळी लिहा, आणि मराठीत लिहिल्या तरी चालतील. सोय कुठे चांगली होती आणि नळ कुठे गळत होता, दोन्ही लिहावं. मालकाला दोन्हींचा उपयोग होतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढे नियम आणि एवढी कामं असतील तर हॉटेलच बरं. ज्यांना पूर्ण विश्रांतीच हवी आहे त्यांनी खुशाल हॉटेलात राहावं, त्यात कमीपणा काही नाही. पण ज्यांना एखादी जागा नुसती बघायची नाही, आठ दिवस तिथलं म्हणून राहून पाहायचं आहे, त्यांनी असं बिऱ्हाड एकदा जरूर करावं. जाण्यापूर्वी परवान्याचा क्रमांक बघा, मुलांना पाण्याबद्दल सांगा, आणि फ्रीजवर लावायचा तो कागद घरूनच तयार करून न्या. त्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव असू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)